टाकीचं तोंड

माझ्या वहिनीला आमच्या कामात सगळे सुई म्हणत आणि मला खुंटी. नावं मुकादमाने ठेवलेली, आणि त्याला आयुष्यात तेवढी एकच गोष्ट नीट जमली असं माझं स्पष्ट मत आहे. वहिनी टाकीत उतरायची, मी वर बसायचे. दोरीचं एक टोक तिच्या कमरेला, दुसरं माझ्या. मी पहिल्यापासून ऐसपैस. आई म्हणायची, ही दारातून आली की दार बरोबर घेऊन येते. लग्न जमण्याच्या कामी त्याचा काही उपयोग झाला नाही, पण टाकीच्या कामी झाला. खाली माणूस सोडायचं तर वर न हलणारं कोणीतरी लागतंच.

नळ सोडला की पाणी येतं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ते ज्यात साठतं ती गच्चीवरची टाकी आतून कोण घासतं, हा प्रश्न कोणाला पडत नाही. नव्या टाक्यांची तोंडं मोठी असतात, त्यांत कुठलाही गडी उतरतो. जुन्या काँक्रीटच्या टाक्या ज्यांनी बांधल्या, त्यांना बहुधा वाटलं असावं की टाकी एकदा भरली की काम संपलं. वर एक गोल भोक, त्यावर बिडाचं झाकण. त्या भोकातून गड्याचे खांदे जात नाहीत. बारीक बाई जाते. म्हणून शहरातल्या जुन्या इमारती आमच्या मुकादमाकडे यायच्या, आणि मुकादम आमच्या दाराशी यायचा.

पाणी काढून टाकायचं, झाकण उघडून टाकीला वारा खाऊ द्यायचा, पेटता दिवा खाली सोडून तो विझत नाही ना ते बघायचं. मग दोरीची शिडी सोडायची आणि वहिनी उतरायची. तळाचा गाळ ती बादलीत भरायची, मी ओढायचे. मग भिंती. काथ्याच्या ब्रशाने वरपासून खालपर्यंत, हात दुखेपर्यंत. शेवटी औषधाचं पाणी. त्या औषधाने तिच्या बोटांची सालं निघायची आणि आतल्या घुमणाऱ्या आवाजाने एक कान कमी झालेला. घरी ती नेहमी जरा ओरडूनच बोलायची. शेजाऱ्यांना वाटायचं, नणंद-भावजयीचं रोज वाजतं. वाजायचंही, पण त्यांना वाटायचं तेवढं नाही.

आता या कामाची रीत सांगते. ती कोणी लिहून ठेवलेली नाही, पण सगळे पाळतात. बाईची पाळी गेली, पोट आलं, की ती टाकीतून वर येते आणि तिची मुलगी खाली जाते. वहिनीची आई अशीच वर आली. वहिनी तेव्हा शाळेत होती. एक दिवस घरी आली तर आईने तिच्या खांद्यावरचं दप्तर उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी तिला कामावर नेलं. वहिनीने हे मला कधी रडून सांगितलं नाही. एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "आईचं पोट सुटलं आणि माझी शाळा सुटली." मग तेच भांडं बराच वेळ घासत राहिली.

माझा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, छातीच्या दुखण्याने लवकर गेला. मुलगी तेव्हा रांगत होती. तेव्हापासून आम्ही दोघी आणि ती पोर, दोन खोल्या आणि एक मोरी. पोरगी अंगाने आईवर गेली, लांब आणि बारीक. तिला आम्ही शिकवलं. आता ती डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायचं शिक्षण घेत होती, शेवटचं वर्ष होतं. आमच्या दोघींच्या डोळ्यांवर तिने इतका सराव केला की मला सरळ समोरच्या भिंतीकडेसुद्धा संशयाने बघायची सवय लागली. वहिनीचं एकच म्हणणं होतं. पोरीची परीक्षा होऊन ती कुठल्यातरी दुकानात पांढरा कोट घालून उभी राहीपर्यंत आपण उतरायचं. मग पोटाला काय व्हायचं ते होऊ दे.

पण पोट थांबायला तयार नव्हतं.

पाळी गेली ती छळूनच गेली. थंडीच्या दिवसांत वहिनी घामाने निथळायची, पांघरूण फेकायची, पुन्हा ओढायची. झोप उडाली. मग हळूहळू पोट आलं. चेहरा तोच, हात तेच, पाय तेच, आणि मधे हे. भाडेकरू यावा तसं ते येऊन राहिलं आणि जागा सोडेना. मी म्हटलं, "वहिनी, आता जराशी माझी नातेवाईक दिसायला लागलीस." ती हसली नाही. तिच्या हसण्यावरून मला अंदाज यायचा की गोष्ट किती खोल गेली आहे, आणि ही फार खोल गेली होती.

एकदा एका टाकीतून वर येताना ती तोंडाशी जरा अडली. नुसती अडली, मग आली. मुकादम बाजूला उभा होता. त्याने बघितलं, मान वळवली आणि अगदी सहज विचारलं, "मुलगी केवढी झाली हो आता?"

वहिनीने ऐकू न आल्यासारखं केलं. बहिऱ्या कानाचा तेवढा फायदा असतो. पण त्या संध्याकाळी ती घरी यायच्या आधी जाळ्या-दरवाजे करणाऱ्या वेल्डरकडे गेली. आमच्या कामातल्या सगळ्यांत अरुंद तोंडाची टाकी मुलांच्या एका जुन्या वसतिगृहावर होती. तिचं माप वहिनीने आधीच कधीतरी सुतळीने घेऊन ठेवलेलं. त्या मापाची लोखंडी कडी तिने करून आणली आणि दारामागच्या खिळ्याला अडकवली.

मग ते रोजचंच झालं. सकाळी तोंड धुतलं की रिकाम्या पोटी ती कडी जमिनीवर ठेवायची, तिच्यात उभी राहायची आणि दोन्ही हातांनी ती अंगावरून वर ओढायची. गुडघे, मांड्या, कंबर. पोटाशी कडी थांबायची. वहिनी श्वास सोडायची, पोट आत घ्यायची, लोखंड कातड्यावरून सरकवत छातीपर्यंत न्यायची आणि डोक्यातून काढायची. गेली की चहा. जड गेली की चहासुद्धा नाही. पोरगी अभ्यास करत असायची, ती वहीतून मान वर काढायची नाही, पण तिचं पेन थांबलेलं असायचं.

उपाय काय कमी केले? संध्याकाळचं जेवण सोडलं, मग सकाळचंही. बाजारातल्या एका बाईकडून कसलीशी पूड आणली. त्या पुडीने पोट सोडून बाकी सगळं गेलं, आम्हा तिघींना मिळून एक संडास आणि त्यात कायम वहिनी. कोणी सांगितलं आंबट पाणी प्या, प्याली. कोणी सांगितलं पोटाला पट्टा बांधा, बांधला. ज्याला त्याला सल्ला द्यायची हौस, आणि बुडत्याला काडीचा आधार. कामावर ती जिने दोनदा चढायची, एकदा सामान घेऊन आणि एकदा उगीच. मी खालच्या पायरीवर बसून म्हणायचे, माझ्या वाटचे पण चढून ये.

शेवटी पोरीनेच तिला सरकारी दवाखान्यात नेलं. मीही गेले. तिथली सिस्टर आमच्याच वयाची होती, केस पिकलेले, बोलणं सरळ. तिने वहिनीला झोपवून पोट दाबून बघितलं, रक्त घेतलं, रक्तदाब बघितला. पुढच्या खेपेला म्हणाली, "गाठबीठ काही नाही. साखर ठीक, थायरॉइड ठीक. हे पाळी गेल्याचं पोट आहे. आधी चरबी मांड्यांवर, कमरेवर बसायची, ती आता पोटावर बसते. बायकांचं असं होतं. माझंही झालं."

"मग कमी कसं करायचं?" वहिनी म्हणाली.

"खाऊन."

वहिनीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. तिने दुसरा कान पुढे केला.

"खाऊन, ताई. अंडी, दूध, कडधान्य, भाज्या. साखर कमी, तळलेलं कमी. पण दोन्ही वेळा नीट जेवायचं. या वयात अंगातली ताकद आपोआप उतरते, ती धरून ठेवायची. वजन उचलायचं, चालायचं, झोपायचं. तुम्ही उपाशी राहिलात तर हातपाय वाळतील आणि पोट तिथंच राहील. सगळ्यात आधी ताकद जाते, पोट सगळ्यात शेवटी."

"किती दिवसांत जाईल?"

"दिवसांत नाही जात. महिने लागतात. आणि पूर्वीसारखं होईलच असं मी सांगणार नाही."

वहिनीने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "माझ्याकडे पोरीच्या परीक्षेपर्यंतच वेळ आहे."

सिस्टरला काही कळलं नाही. तिने झोप येत नसेल तर काय करायचं ते सांगितलं, घामासाठी डॉक्टरांना विचारा म्हणाली, आणि पुढच्या बाईला हाक मारली. मला ती बाई आवडली. तिने खोटं काही सांगितलं नाही. पण खरं सांगून तरी काय होतं? ज्याला उद्या भोकातून जायचं आहे त्याला महिने सांगून उपयोग नसतो.

पोरीने मात्र सिस्टरचं बोलणं मनावर घेतलं. रोज सकाळी ती आईच्या डब्यात एक उकडलेलं अंडं ठेवायला लागली. कॉलेजला जायच्या घाईत स्वतःचं राहिलं तरी चालेल, पण ते अंडं सोलून, मीठ लावून ठेवायची. आणि रोज दुपारी, कुठल्यातरी गच्चीवर सावलीत बसून डबा उघडला, की वहिनी ते अंडं माझ्यापुढे सरकवायची.

"वन्सं, तुम्ही खा."

इतकी वर्षं एका घरात, पण ती मला वन्सं आणि तुम्हीच म्हणायची. मी म्हणायचे, "पोरगी विचारेल."

"खाल्लं म्हणून सांगते मी."

"माझं वाढतंय त्याचं काय?"

"तुम्हाला कुठे उतरायचंय."

पहिले काही दिवस मी भांडले. मग खायला लागले, कारण फेकून देण्यापेक्षा ते बरं. तिच्या हातांकडे मात्र मला बघवेना. दंड नुसते काठीसारखे झाले. पूर्वी ती शिडीच्या शेवटच्या पायरीवरून तोंडाच्या काठावर तळवे टेकून एका झटक्यात वर यायची, बघणाऱ्याला वाटावं खालून कोणी उचलून दिली. आता ती काठावर कोपरं टेकून आधी दम खायची. सिस्टरने सांगितलं तसं सगळं होत होतं, अगदी त्याच क्रमाने. मला राग यायचा. तिचा, मुकादमाचा, आणि ज्या गवंड्याने ती भोकं ठेवली त्याचा तर फारच.

त्यातल्या त्यात मोठ्या तोंडाच्या टाक्यांवर हे सगळं झाकून गेलं. मग वसतिगृहाला सुट्टी लागली आणि तिथल्या टाकीची पाळी आली. पोरीची परीक्षा अगदी तोंडावर होती. मुकादम आदल्या संध्याकाळी दाराशी येऊन म्हणाला, "सुईबाई, जमणार असेल तर हो म्हणा. नाहीतर मी दुसरं काहीतरी बघतो." बोलताना त्याची नजर आतल्या खोलीत गेली. तिथे पोरगी दिव्याखाली वाचत बसली होती.

"जमेल," वहिनी म्हणाली.

सकाळी कडी गेली. जड गेली, पण गेली. वहिनीने ती खिळ्याला अडकवली आणि मला म्हणाली, "बघितलंत?" किती दिवसांनी तिचा चेहरा मोकळा झालेला मी बघत होते.

वसतिगृहाच्या गच्चीवर ऊन कडक होतं. आम्ही दिवा सोडून बघितला, शिडी सोडली. वहिनीने पाय आत घातले, हात डोक्यावर ताठ केले, श्वास सोडला आणि स्वतःला खाली सोडलं. काठ पोटाला घासत वर गेला, छातीशी आला, आणि ती आत. खालून तिचा आवाज घुमला, "वन्सं, गेले बघा." मी म्हटलं, "गेलीस बाई, आता कामाला लाग."

तिने गाळ भरला, मी ओढला. तीन भिंती झाल्या. चौथीला ब्रशाचा आवाज मंदावला. मी हाक मारली तर म्हणाली, अंगात आग पेटलीय. तो तिचा नेहमीचा उकाडा होता, पण बंद टाकीत, रिकाम्या पोटी. मी म्हटलं, राहू दे ती भिंत, वर ये. तिने ऐकलं म्हणजे बघा किती झालं असेल.

डोकं आलं, खांदे आले, छाती आली. कोपरं काठावर टेकली आणि पोटाशी काठ लागला. तिने जोर केला. वाळलेल्या दंडांना ते पेलवेना आणि ती तेवढीच राहिली. मी कमरेच्या दोरीने ओढलं. पुन्हा ओढलं. पोट काठाखाली गोळा होऊन बसलं होतं, आणि जितकं ओढावं तितकं आणखी गोळा होत होतं.

तेव्हा मला कळलं. रोज सकाळी ती कडी पायांकडून घालून डोक्यातून काढायची. कडी वर जाते म्हणजे माणूस खाली उतरतं. पोट छातीकडे सरकतं आणि वाट मिळते. वर येताना सगळं उलट होतं. कडी डोक्यातून घालून पायांकडे तिने एकदाही काढून बघितली नव्हती. रोज उतरायची परीक्षा झाली, चढायची कोणी घेतलीच नाही. तिला सुचलं नाही आणि मलाही नाही. ती एकदा जराशी अडली होती तेवढं सोडलं, तर वर येणं अडतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ताकद होती तोवर ती आपोआप येत होती.

मुकादमाने तिच्या काखेत हात घालून ओढलं. तिच्या कातड्याला काँक्रीट लागत होतं. ती ओरडली नाही, नुसती म्हणाली, "श्वास येत नाही." काठ बरगड्यांखाली रुतला होता. शेवटी तिला पुन्हा खाली सोडावं लागलं. शिडी हातातून सुटली आणि ती तळाच्या पाण्यात बसल्याचा आवाज आला. मी हाका मारत राहिले. उत्तर आलं ते बऱ्याच वेळाने, आणि नुसता हुंकार.

"अग्निशामक दलाला फोन लावा," मी मुकादमाला म्हटलं.

"लावतो," तो म्हणाला आणि कठड्याकडे जाऊन बोलला. मी तोंडाशी पालथी पडून वहिनीशी बोलत होते, काहीबाही, शेजारणीच्या मांजराचंसुद्धा बोलले. तिला झोप लागू द्यायची नव्हती. मागून पावलं वाजली तेव्हा मी मान वळवली. कॉलेजातला पांढरा कोट तसाच अंगावर घेऊन आलेली पोरगी होती. जिना धावत चढून आल्याने तिला धाप लागली होती.

मी मुकादमाकडे बघितलं. जे बोलायचं ते मी त्याला नंतर बोलले, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो म्हणाला, "ते येऊन तोंड फोडणार. तुकडे कोणाच्या डोक्यात पडतील? पोरगी उतरेल, खालून आईला खांद्यावर घेईल, आपण वरून ओढू. घटकाभराचं काम." त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. म्हणूनच मला त्याला गच्चीवरून खाली ढकलावंसं वाटलं.

टाकीतून आवाज आला. बहिऱ्या कानाला नको तेव्हा बरोबर ऐकू येतं. "कोण आलंय? वन्सं, तिला उतरू देऊ नका. मी इथेच बसते. उद्या फोडा. परवा फोडा. मी बसते."

"आई, तू गप्प बस जरा," पोरगी म्हणाली. तिने कोट काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. खिशातली नजर तपासायची लहानशी बॅटरी काढून दातांत धरली. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवला, रागाने नाही, बस सुटायची असली की सोडवतो तसा. मग पाय आत टाकले, हात वर केले आणि गेली. काठाला तिचं अंग लागलंसुद्धा नाही.

मुकादमाने ते बघितलं. मीही बघितलं. खाली वहिनीने बघितलं असेल ते वेगळं. वरच्या गोल उजेडात आधी तिच्या पोरीचे पाय आले असतील.

खाली पोरीने आधी आईच्या कमरेची दोरी सोडून काखेखाली बांधली. मग पोरगी म्हणाली, "आई, माझ्या खांद्यावर उभी राहा. हात वर. पूर्ण वर. आता सगळा श्वास सोड." दोरीचं वरचं टोक मी आणि मुकादमाने धरलं होतं. तिने खालून रेटलं, आम्ही वरून ओढलं, आणि वहिनी वर आली. दोन्ही बाजूंनी सोललेली, भिजलेली, डोळे मिटलेले. मुकादमाने स्वतःचा सदरा काढून तिच्यावर घातला. मी तिला सावलीत ओढलं, पाणी पाजलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं. अंगात जीव होता. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

"तिला वर ये म्हणा," वहिनी म्हणाली.

मी हाक मारली. टाकीतून पोरीचा आवाज आला, तिच्या आईच्या आवाजासारखाच घुमत. "आत्या, इथे एक भिंत राहिलीय."

"राहू दे. वर ये."

"एवढी करते. आता आलेच आहे तर." मग थोडं थांबून, "उद्या पुन्हा कोण उतरणार?"

आत ब्रश चालू झाला. नेमका वहिनीच्या ब्रशाचा आवाज होता तो, वरून खाली, वरून खाली. तिला कोणी कधी शिकवलं नव्हतं. वहिनी पडल्या पडल्या ऐकत होती. मग एकदम उठून बसली.

"तिला दोरी नाही."

खरंच नव्हती. दोरी आम्ही वहिनीसाठी घेतली होती. मी उठायच्या आत ती हातापायांवर सरकत तोंडाशी गेली, अंगावरची दोरी काढून तिचं एक टोक खाली सोडलं, "बांध कमरेला," म्हणाली, आणि दुसरं टोक स्वतःच्या पोटाभोवती बांधायला लागली. मी म्हटलं, "तुझ्या अंगात त्राण नाही, मला दे." तिने दिली नाही. पाय फाकून, टाचा काठाला लावून, मुकादमाचा सदरा घालून ती तिथे बसली. पोट पुढे, त्यावर दोरीचे दोन वेढे. मी तिच्या मागे बसले आणि दोरीचा उरलेला भाग हातात धरला.

मुकादम कठड्याशी बनियनवर उभा राहून फोनवर कोणाला तरी सांगत होता, "हो, हो. टाकी अरुंद तोंडाची असली तरी चालेल."

वहिनीने ते ऐकलं. मला तिच्या पाठीवरून कळलं. मी पिशवीतून डबा काढला आणि उघडून आमच्या दोघींमध्ये ठेवला. सकाळी पोरीने सोलून ठेवलेलं अंडं होतं. मी वाट बघत राहिले की आता ती ते माझ्याकडे सरकवेल.

तिने एका हाताने दोरी धरली, दुसऱ्या हाताने अंडं उचललं आणि खाल्लं.